दोन हजार माणसांचा हॉल

१२ जानेवारी

हॉटेल अजून जमिनीवर नाही, पण हॉटेलच्या नावाच्या शंभर डायऱ्या छापून आल्या. त्यातली एक शंतनुनं मला दिली. म्हणाला, "आजी, दुपारी विजयाबाईंशी भांडण्यापेक्षा यात लिहीत जा." मी चौथीपर्यंत शिकले, तेही हिंदी शाळेत. मराठी घरात बोलून बोलून आली, तशीच लिहीन. कोण तपासणार आहे?

शंतनु माझा नातू. बारा वर्षं पुण्यात मोठमोठ्या इमारतींचे नक्शे काढले आणि दिवाळीनंतर ग्वाल्हेरला वापस आला. इथे दौलतसिंह म्हणून ठाकुर आहेत, सिटी सेंटरच्या पुढे त्यांची मोठी जमीन आहे. त्यांना हॉटेल बांधायचंय. नक्शा शंतनुचा, उभं करून घेणार पण शंतनुच. अकरा मजले, तीनशे खोल्या, आणि मधोमध एक हॉल. त्यात म्हणे दोन हजार माणसं एकदम बसतील. मी विचारलं, लग्नाला? तर नाही, बोलायला. डॉक्टर लोक, वकील लोक, गावोगावहून येतात, तीन दिवस राहतात आणि एकमेकांशी बोलतात. मी म्हटलं, दोन हजार वकील तीन दिवस बोलले तर ऐकणार कोण? हसला. हसला की अगदी लक्ष्मीकांत लहानपणी दिसायचा तसा दिसतो. लक्ष्मीकांत त्याचा बाप, माझा मुलगा, आता भोपाळला असतो आणि महिन्यातून एकदा फोनवर माझं बीपी विचारतो.

मुख्य गोष्ट राहिलीच. नातसून यशश्री पुण्यात बँकेत आहे. तिचं म्हणणं, तिथे काम सुरू होऊ दे, मग मी नोकरी सोडते आणि अंतराला घेऊन येते. त्याच्या आधी नाही. मला तिचं पटलं बाई. अंतरा सहा वर्षांची आहे. इथल्या शाळेत तिचं नाव घालून ठेवलंय, एप्रिल संपेपर्यंत जागा राखतील.

म्हणजे एप्रिलपर्यंत पाया खणला की माझं घर भरलं. पाया खणायला काय लागतं? शंतनु आणि यशश्रीचा रोजचा फोन दोन मिनिटांत उरकतो. भांडण नाही, तंटा नाही. समजूतदार आहेत दोघं.

२१ जानेवारी

आज ठाकुरसाहेब घरी जेवायला आले. केवढा मोठा माणूस, पण दारातच माझ्या पाया पडले. मी पुरणपोळी केली होती. पहिली खाऊन म्हणाले, "अम्माजी, ये पराठा मीठा कैसे हो गया?" दुसरी खाल्ल्यावर काही विचारलं नाही. पाच खाल्ल्या.

जेवण झाल्यावर शंतनुनं टेबलावर कागद पसरले. मला वाटलं तेवढ्यात आवरून घ्यावं, पण मी काही उठले नाही. केवढं समजावून सांगत होता! शहर या बाजूला वाढतंय, नवीन विमानतळ झालाय, तरी मोठा जलसा असला की लोक आग्र्याला जाऊन उतरतात, ते इथे उतरतील. जलशासाठी आलेला माणूस किल्ला बघेल, सराफ्यात खरेदी करेल, सगळ्या शहराचं पोट भरेल. बोलता बोलता उभाच राहिला. मी त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

ठाकुरसाहेब म्हणाले, "बहुत सुंदर नक्शा है भैया. बहुत ही सुंदर." मग विचारलं, "छत पे मंदिर हो सकता है?"

शंतनु म्हणाला, हो सकता है.

गेल्यावर मी म्हटलं, किती भला माणूस! शंतनु म्हणाला, "आजी, त्यांनी एकदाही हॉलबद्दल विचारलं नाही." मी म्हटलं, अरे, पाच पोळ्या खाल्ल्यावर माणसाला कसला हॉल सुचतोय.

११ फेब्रुवारी

नक्शात अकराचे सहा मजले झाले, तीनशेच्या एकशेवीस खोल्या. मला तर बरंच वाटलं. अकराव्या मजल्यावर जायचं म्हणजे लिफ्ट आली, आणि लिफ्टमध्ये मला उलटीसारखं होतं.

कारण काय, तर पाणी. तीनशे खोल्यांतल्या माणसांनी आंघोळ करायची, चादरी धुवायच्या, एवढं पाणी आणायचं कुठून? परवानगीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाऊन राहिला आहे. मी सांगितलं, आपल्याकडे एक दिवसाआड नळ येतो तर आपण ड्रम भरून ठेवतो की नाही? तसं प्रत्येक खोलीत एक ड्रम ठेवा. शंतनु इतका हसला, इतका हसला, की शेवटी डोळे पुसत उठून आत गेला. बऱ्याच दिवसांनी घरात एवढं हसू झालं.

जेवला मात्र नाही. गार पाण्यानं आंघोळ करतो, सर्दी असणार. काढा ठेवला होता, तो सकाळी तसाच मिळाला.

२ मार्च

यशश्रीचा फोन. शंतनु आंघोळीला गेला होता म्हणून मला मिळाला. अंतराचा पुढचा दात पडला. तिनं तो माझ्यासाठी डबीत ठेवलाय, येताना आणणार आहे.

यशश्री म्हणाली, "आजी, खरं सांगा, काम सुरू झालं का?"

मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, जमिनीवर चुना टाकलाय. जिथे खांब येणार तिथे चुन्याच्या रेषा ओढल्यात, शंतनुनं फोटो दाखवला मला.

"महिना झाला त्या चुन्याला, आजी."

म्हटलं, चुना पक्का असतो गं, जात नाही.

हे मी विजयाबाईंना सांगितलं. विजयाबाई समोरच्या घरात राहतात, चाळीस वर्षांचा शेजार, आणि तोंड असं की लिंबू पिळावं लागत नाही. म्हणाल्या, "उषाताई, चुना जमीन पे नहीं लग रहा, तुम्हारे पोते को लग रहा है." मला आधी हसू आलं, मग राग आला. त्यांच्या ताटलीत तीन गुळाच्या वड्या ठेवल्या होत्या, त्यातली एक उचलून मी परत आणली.

२९ मार्च

आज मी जागा बघून आले! ठाकुरसाहेबांनी मोटार पाठवली. "अम्माजी को भी लाओ," म्हणाले. नवीन लुगडं नेसले. ऊन एवढं की चपलेतून पाय भाजत होते.

रस्त्यावर केवढा तरी बोर्ड लावलाय, त्यावर हॉटेलचं चित्र. चित्रात झाडं, कारंजी, गोऱ्या मडमा हातात पेटी घेऊन चालल्यात. बोर्डाच्या मागे बाभळी आणि एक शेळी. शंतनु मला हाताला धरून सगळीकडे फिरवून आणत होता. "आजी, आता आपण दारातून आत आलो. इथे माणूस आपलं नाव सांगतो. इथून वळलं की हॉल." आणि दोन्ही हात पसरून त्या रिकाम्या जागी उभा राहिला. "एकही खांब नाही मधे. कुठेही बसलं तरी बोलणारा दिसेल." मला दिसला की नाही माहीत नाही, पण मी हो म्हटलं.

ठाकुरसाहेब छत्री घेऊन उभे होते. म्हणाले, "भैया, इसमें बारात किधर से घुसेगी?"

"बारात के लिए नहीं है ये, साहब."

"देखो भैया," ठाकुरसाहेब म्हणाले, "इस शहर में दो हज़ार आदमी दो ही बार इकट्ठा होता है. या शादी में, या तेरहवीं में. बोलने के लिए कोई घर से नहीं निकलता. बोलने को घर में ही बहुत है."

मला इतकं हसू आलं! खरंच की. मी म्हटलं, ठाकुरसाहेब, वरात या बाजूनं येऊ दे. फाटक हत्ती जाईल एवढं ठेवा, घोडी बिचकत नाही. आणि इकडे हिरवळ करा, दोन हजार माणूस आरामात जेवेल, वर छप्पर कशाला पाहिजे? थंडीतली तर लग्नं.

ठाकुरसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अम्माजी ने एक मिनट में बात पकड़ ली. हम चार महीने से नक्शा देख रहे हैं."

मी एवढी खूश झाले की परत येताना मोटारीत मीच बोलत होते. शंतनु कपाळाला हात लावून बसला होता. उन्हानं डोकं दुखत असेल. बरं झालं मी गेले. म्हातारीचा पण कुठे कुठे उपयोग होतो.

७ एप्रिल

शंतनु आजकाल दुपारीच घरी येतो. पंखा लावून भिंतीकडे तोंड करून पडतो. झोप लागली असेल म्हणून मी भांडी वाजवत नाही. विचारलं, हॉटेल कुठवर आलं? म्हणाला, "चाळीस खोल्या उरल्यात." म्हटलं, बाकीच्या कुठे गेल्या? म्हणाला, "हिरवळीत."

यशश्रीला शाळेतून फोन गेला की जागा पंचवीस तारखेपर्यंतच राखू. मी रोज गणपतीला दूर्वा वाहते आहे. इथे उन्हाळ्यात दूर्वा मिळत नाहीत. विजयाबाईंच्या कुंडीतल्या चोरून आणते, त्यांना माहीत आहे.

२३ एप्रिल

आज इतका आनंद झालाय की अक्षर हलतंय.

बाराच्या सुमाराला शंतनु घरी आला. चपला काढल्या, माठातलं दोन भांडी पाणी प्यायला, आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "आजी, मी राजीनामा दिला."

मी हातातलं लाटणं टाकून त्याच्या गालावरून हात फिरवला. अरे, हे तर होणारच होतं! एवढे महिने ते हे म्हणतात, हा ते म्हणतो, कधी ना कधी राजीनामा होणारच. आमचे हे कोर्टकचेरीत कामाला होते तेव्हा आमच्या घरात राजीनाम्यासारखा दुसरा गोड शब्द नव्हता. वीस वीस वर्षं चाललेले दावे, भाऊ भावाचं तोंड बघत नाही, आणि मग एक दिवस हे घरी येऊन म्हणायचे, "आज राजीनामा हो गया." दोन्ही बाजूंचे लोक एकाच टांग्यातून जिलबी घेऊन दारात. म्हणजे दोघं राजी झाले, दोघांनी सही केली, भांडण मिटलं. शंतनुला म्हटलं, ठाकुरसाहेबांनी पण सही केली ना? म्हणाला, "लगेच केली. वाचलंसुद्धा नाही." म्हटलं, बघ! मन साफ असलं की माणूस वाचत बसत नाही.

तो अंघोळीला गेला तेवढ्यात मी यशश्रीला फोन लावला. चांगली बातमी बाईमाणसानंच बाईमाणसाला द्यावी. म्हटलं, "यशश्री, सामान बांध. शंतनुचा राजीनामा झाला!"

ती म्हणाली, "काय?"

"राजीनामा गं! आज दुपारी. ठाकुरसाहेबांनी तिथल्या तिथे सही केली."

मग म्हणाली, "मला त्यानं काहीच सांगितलं नाही, आजी."

म्हटलं, तो अंघोळीला गेलाय, मीच पहिली सांगतेय.

"बरं झालं तुम्ही सांगितलंत," म्हणाली, आणि फोन ठेवला. सामान बांधायची घाई असणार.

नई सडकेवरून पेढे आणवले. विजयाबाईंना दिले तर म्हणतात, "राजीनाम्याचे पेढे? आमच्या माहेरी इंदूरला नाही बाई कोणी वाटत." म्हटलं, तुमच्याकडे कधी झालाच नाही तर वाटणार कुठून, तुमचे भाऊ अजून कचेरीच्या चकरा मारताहेत. पेढा खाल्ला मात्र. वरून काहीतरी वेगळंच बघितलं माझ्याकडे, आणि चक्क म्हणाल्या, "उषाताई, काही लागलं तर हाक मारा." चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

२४ एप्रिल

राजीनामा म्हणजे इस्तीफा.

पुण्याकडे इस्तीफ्याला राजीनामा म्हणतात. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्यापुढे जन्मभर कोणी इस्तीफा दिला नाही, यांनी पण नाही, आणि दिला असता तर इस्तीफाच म्हटलं असतं.

यशश्रीनं सकाळीच शाळेला फोन करून अंतराचं नाव काढून घेतलं. शंतनु तिला दोन दिवस थांबून, नीट, समोर बसून सांगणार होता. पुण्याचं तिकीटही काढलं होतं. दुसरं काम इथेच शोधतो, सहा महिने दे, असं म्हणणार होता. ती म्हणाली, एवढी मोठी गोष्ट मला आजींकडून कळावी? आणि आजी हसत होत्या. तुम्ही सगळे मिळून हसता आहात का मला?

मी म्हटलं, मी बोलते तिच्याशी, माझीच चूक. शंतनु म्हणाला, "नको, आजी. तू काही नाही केलंस."

"मीच केलं रे. एका शब्दानं केलं."

"तेवढंच नाही गं," म्हणाला, आणि थांबला. माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "पेढे उरलेत का?"

दोघांनी बसून एक एक खाल्ला.

४ मे

परवा मी यशश्रीला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा अंतरानं घेतला. म्हणाली, "पणजी, आई म्हणते आपण ग्वाल्हेरला नाही जायचं. मग दाताचं काय करू?" म्हटलं, ठेव तुझ्याकडे. नवीन आला का? म्हणाली, आला.

आणखी काय लिहू?

१९ मे

शंतनु दोहाला गेला. परदेश आहे, वाळवंट आहे, पण तिथे म्हणे हॉटेलंच हॉटेलं आहेत. कोणा दुसऱ्याच्या मोठ्या हॉटेलचे जिने हा काढणार. नुसते जिने. म्हटलं, जिना काय लहान गोष्ट आहे? जिन्याशिवाय माणूस वर जाईल कसा? म्हणाला, "हो, आजी." दोन वर्षांचा करार आहे. मग पुण्याला का ग्वाल्हेरला, ते काही बोलला नाही, आणि मी पण विचारलं नाही. मला एकोणऐंशी चालू आहे, दोन वर्षं म्हणजे काही फार नाही.

जाताना नक्शांची ती लांब गुंडाळी इथेच ठेवून गेला. मी म्हटलं, घेऊन जा, दाखवायला होईल. म्हणाला, "कोणाला?"

कपाटावर ठेवली आहे. धूळ बसू नये म्हणून जुन्या लुगड्यात बांधली.

यशश्री स्टेशनवर नव्हती, विमानतळावर पण नव्हती. कशी असणार, ती पुण्यात, विमान दिल्लीहून. मीच वेड्यासारखी त्याला फोनवर विचारत राहिले, आली का, आली का.

३ ऑगस्ट

अंतराचा वाढदिवस. फोन लागला नाही. शिरा केला, विजयाबाईंना दिला. त्यांनी त्यातल्या बेदाण्यांना नावं ठेवली, तेवढंच बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर

आज खूप दिवसांनी लिहावंसं वाटलं.

देवउठनी एकादशी झाली, लग्नं सुरू झाली, आणि ठाकुरसाहेबांच्या मॅरेज गार्डनमधलं पहिलंच लग्न त्यांच्या पुतणीचं. मला वेगळं कार्ड आलं, वर हातानं लिहिलेलं, अम्माजी ज़रूर पधारें. मोटार पण आली. काय गार्डन झालंय! बाभळी गेल्या, हिरवळ अशी की पाय ठेवायला जीव होईना. फाटकातून सगळी वरात, घोडी, बँड, दिवे डोक्यावर घेतलेल्या बायका, एका रेषेत आत. कुठे अडकलं नाही, कुठे धक्काबुक्की नाही.

ठाकुरसाहेब मला हाताला धरून पाहुण्यांपुढे घेऊन गेले. "इनसे मिलिए. ये सारा आइडिया अम्माजी का था. एक बार आईं, एक बार देखा, और बता दिया. हमारे इंजीनियर साहब तो आसमान में होटल बना रहे थे." सगळे हसले, सगळ्यांनी नमस्कार केला. एवढा मान मला लग्नात, माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा, नव्हता मिळाला.

मी शंतनुला व्हिडिओ फोन लावला. नशीब, लागला. तो कुठेतरी डोक्यावर पिवळी टोपी घालून उभा होता, मागे सगळं काँक्रीट. मी म्हटलं, बघ रे, बघ, तू हात पसरून उभा होतास ना, ती जागा! आणि फोन गोल फिरवला, सगळं दाखवलं, फाटक, स्टेज, दिवे. म्हटलं, ठाकुरसाहेब म्हणताहेत हे सगळं माझ्या म्हणण्यावरून झालं, तुझी आजी काय साधी आहे का?

त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाला, "छान झालंय, आजी. एकही खांब नाही मधे."

"नाहीच मुळी! तू म्हणायचास तसंच." मग आवाज तुटायला लागला. त्याचं तोंड तसंच राहिलं, हलेना. मी जरा वेळ त्या तोंडाशीच बोलले आणि मग ठेवला.

भूक लागली होती. जेवणाच्या तंबूच्या दाराशी एक जाडजूड बाई उभी होती, ताटं मोजून देत होती. कोणाच्या घरची होती माहीत नाही, फार अंगावर येत होती. मला विचारलं, "अम्मा, लड़की वाले कि लड़के वाले?"

आता काय सांगणार? ना मी इकडची, ना तिकडची. ठाकुरसाहेबांचं नाव घेणं बरं दिसत नाही. मग माझ्या मनात आलं ते खरं तेच सांगितलं. शंतनुचं नाव कुठे फाटकावर नाही, कार्डावर नाही, पण ही जागा त्यानं पायांनी मोजलेली आहे. मी छाती काढून म्हटलं, "हम बनाने वाले."

"अच्छा, बनाने वाले," म्हणाली. "तो अम्मा, इधर क्यों खड़ी हो? बनाने वालों का खाना पीछे है, भट्टी के पास."

आणि दंडाला धरून मला मागे हलवायांत नेऊन बसवलं. चार आचारी, दोन पुऱ्या लाटणाऱ्या बायका. त्यांनी लगेच सरकून मला पाटावर जागा केली. तिथे छान ऊब होती, पुढे हिरवळीवर तर गारठा पडला होता. पत्रावळ मांडली, कढईतली पुरी सरळ माझ्या पानात. एका बाईनं विचारलं, "तुमने क्या बनाया, अम्मा?"

मी म्हटलं, सांगते, आधी ही गरम आहे तोवर खाऊ दे.